तहाबाहेरची रयत: जालन्याचा मस्तगड आणि साम्राज्य संपल्यानंतरचे संबंध

एखादे साम्राज्य संपल्यानंतर सत्ता गाजवणारे राष्ट्र आणि त्याच्या पूर्वीच्या वसाहती यांच्यामध्ये जे देणेघेणे, करारमदार, हक्कदावे आणि सवयी शिल्लक राहतात, त्यांना अभ्यासक वसाहतोत्तर संबंध असे म्हणतात. या संबंधांचा विचार बहुतेक वेळा दोन राजधान्यांना धरून केला जातो: लंडन आणि दिल्ली, पॅरिस आणि डाकार, लिस्बन आणि लुआंडा. ही मांडणी चुकीची नाही, पण हिंदुस्थानच्या बाबतीत ती फार अपुरी ठरते, कारण १९४७ पूर्वीच्या हिंदुस्थानचा सुमारे दोन-पंचमांश भूभाग आणि जवळपास एक-चतुर्थांश लोकसंख्या ब्रिटिशांच्या प्रांतांत नव्हतीच. ती साडेपाचशेहून अधिक संस्थानांत राहत होती. तेथील गादीवर राजा, नबाब किंवा निजाम बसलेला असे, महसूल त्याच्या नावाने वसूल होई, नाणेही कुठे कुठे त्याचेच चाले, आणि तरीही त्याच्या परराष्ट्रव्यवहारावर, फौजेवर आणि प्रसंगी वारसाहक्कावर शेवटचा शब्द इंग्रज सरकारचा असे. सत्तेच्या या दुपदरी रचनेला अप्रत्यक्ष राज्यव्यवस्था म्हणतात. अशा प्रदेशात साम्राज्य मागे काय ठेवून गेले, हे पाहायचे असेल तर मराठवाड्यातील जालना शहर आणि त्यातील मस्तगड यांच्याइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जालन्यात मस्तगड हा किल्ला १७२५ मध्ये काबिलखानाने बांधला. त्याच्या आदल्याच वर्षी साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव करून पहिला निजाम, आसफजाह, दख्खनचा व्यवहारतः स्वतंत्र सत्ताधीश झाला होता, आणि त्याच्याच आज्ञेने उभारलेला हा किल्ला म्हणजे नव्या सत्तेने व्यापारी पेठेवर ठेवलेला पहारा होता. पुढच्या पाऊणशे वर्षांत मात्र या भागावर मराठ्यांचा जोर वाढत गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जालन्याचा किल्ला व परगणा शिंद्यांकडे होता. म्हणजे इंग्रजांशी जालन्याचा पहिला मोठा संबंध आला, तेव्हा तो निजामाच्या नव्हे तर मराठ्यांच्या ताब्यातील गाव म्हणून आला, ही गोष्ट पुढचा सगळा इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

१८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला घेतला, आणि तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजी फौजेची जी हानी केली ती कंपनीच्या लष्कराला सहसा सोसावी लागत नसे. दीड हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून युरोपात कीर्तिमान झाला, आणि तरीही युद्धभूमीवरची आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून तो असईचेच नाव घेत असे. त्याच्या हाताखालच्या फौजेत संख्येने गोऱ्यांपेक्षा मद्रासकडील देशी शिपाई अधिक होते, याची आठवण मात्र त्या कीर्तीत क्वचितच राहिली.

लढाईपेक्षा जालन्यासाठी महत्त्वाचा ठरला तो ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह. त्याच्या एका कलमात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडावा असे ठरले आणि त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा आणि गोदावरीपर्यंतचा प्रदेश नाव घेऊन नोंदला गेला. इंग्रजांनी हा मुलूख आपल्याकडे न ठेवता आपला मित्र असलेल्या निजामाच्या हवाली केला. जालन्यावरील निजामाची सत्ता, जिला पुढे लोक परंपरागत समजू लागले, ती अशा रीतीने १८०४ पासून इंग्रजांच्या दानाची झाली होती. मस्तगड निजामाच्या माणसाने बांधला खरा, पण १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात राहिला तो एका इंग्रजी तहामुळे, आणि ज्यांच्या शेतांचा, पेठांचा व घरांचा त्या कलमात व्यवहार झाला त्या रयतेला यात कोणी विचारले नव्हते. त्या काळी कोणत्याच तहात रयतेला विचारत नसत, हे खरे आहे; पण येथे वेगळेपण असे की रयत, तिचा राजा आणि राजाचा पाठीराखा या तिघांचे नाते यापुढे कागदावर लिहिले जाणार होते, आणि तो कागद राजा व पाठीराखा यांच्यातलाच राहणार होता.

निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार स्वीकारला होता. तैनाती फौज म्हणजे संस्थानिकाच्या रक्षणासाठी इंग्रजांनी ठेवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची, पण संस्थानिकाच्या खर्चाने पोसलेली फौज. १८०० च्या करारान्वये या खर्चासाठी निजामाने बल्लारी-कडप्याकडील जिल्हे कायमचे देऊन टाकले. तेवढ्यावर हे भागले नाही. १८११ ते १८२० या काळात हैदराबादेत रेसिडेंट, म्हणजे संस्थानच्या दरबारात बसून इंग्रजांच्या वतीने कारभारावर नजर ठेवणारा अधिकारी, असलेल्या हेन्री रसेलने आणखी एक फौज उभी केली. तिलाच पुढे हैदराबाद कॉन्टिंजंट असे नाव मिळाले. तिचे अधिकारी इंग्रज, तिची शिस्त इंग्रजी, तिचा उपयोग इंग्रजांच्या मोहिमांसाठी, आणि तिचा पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. या फौजेच्या छावण्यांपैकी एक छावणी जालन्यात होती, आणि त्यामुळे गावाच्या शेजारी दीर्घकाळ एक वेगळीच वस्ती नांदली, जिथे निजामाच्या पैशाने इंग्रजांची शिस्त राबत होती.

पगार थकू लागला तसे कर्ज वाढले, कर्ज वाढले तसे व्याज वाढले, आणि सावकारी पेढ्यांनी, विशेषतः विल्यम पामर याच्या पेढीने, हैदराबादच्या खजिन्याला ज्या जाळ्यात ओढले त्याची चर्चा लंडनपर्यंत पोहोचली. शेवटी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूरचा दुआब कॉन्टिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. कर्जाच्या निमित्ताने प्रदेश आणि महसूल हाती घेण्याची ही पद्धत साम्राज्याने जगात इतरत्रही वापरली. इजिप्तमध्ये १८८२ मध्ये इंग्रज उतरले त्यामागेही खेदिवाचे, म्हणजे तेथील शासकाचे, थकलेले कर्ज होते. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, कॉन्टिंजंटच्या पलटणी सर ह्यू रोज याच्याबरोबर मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत झाशीकडे गेल्या, आणि १८६० मध्ये बक्षीस म्हणून धाराशिव व रायचूर परत मिळाले, तसेच पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही.

वऱ्हाडचे हे दुखणे हैदराबादच्या दरबारात तीन पिढ्या ठसठसत राहिले. संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी ते परत मिळावे म्हणून लंडनपर्यंत खटपट केली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. त्याबदल्यात वर्षाला पंचवीस लाख रुपये निजामाला मिळायचे होते, मालकी नावापुरती निजामाची राहायची होती आणि कारभार कायमचा इंग्रजांचा. त्यानंतर कॉन्टिंजंटचे वेगळे अस्तित्व १९०३ मध्ये संपून तिच्या पलटणी हिंदी लष्करात सामील झाल्या आणि जालन्याच्या छावणीचे जुने प्रयोजनही त्याबरोबर संपले. सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने, हा प्रश्न पुन्हा उकरून काढला, आपण इंग्रजांच्या बरोबरीचे मित्र असल्याने या वादात दोन्ही पक्ष समान आहेत असा युक्तिवाद केला, आणि त्याला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात जे उत्तर दिले ते संस्थानी हिंदुस्थानच्या इतिहासात निर्णायक ठरले. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी समान पातळीवरून वाटाघाटी करू शकत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. या सर्वश्रेष्ठतेच्या सिद्धांताला पॅरामाउंटसी किंवा अधिसत्ता म्हणतात. ती कोणत्याही एका तहात पूर्ण लिहिलेली नव्हती. तहांवरून, वहिवाटीवरून आणि बळावरून ती निघाली होती.

अधिसत्ता इतकी महत्त्वाची असल्यामुळे ती संपली कशी हेही पाहिले पाहिजे. १९४७ च्या हिंदुस्थान स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता आणि तिच्याशी जोडलेले तह १५ ऑगस्टला एकदम संपुष्टात आणले. ब्रिटनने ही सत्ता नव्या भारत सरकारकडे सोपवली नाही. ती सोडून दिली. कायद्याच्या भाषेत ही निर्मळ कृती वाटते, परंतु ज्या रयतेला दीडशे वर्षे राजाविरुद्ध दाद मागायला कोणताही दरवाजा नव्हता तिच्या दृष्टीने याचा अर्थ असा होता की राजाला पाठीवर घेऊन चालणारी सत्ता निघून गेली आणि तिने वाढवलेला राजा पूर्ण सार्वभौमत्वाचा दावा करायला मोकळा झाला. निजामाने जून १९४७ च्या फर्मानात हाच दावा केला. त्या वेळी हैदराबाद संस्थानात प्रातिनिधिक राज्यपद्धती नव्हती, बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतीय संघराज्यात सामील होण्याचा लढा पुकारला होता. साम्राज्याने जाताना हिशेब केला तो राजांशी. प्रजेशी तो करायचा राहिला, आणि तो पुढच्या तेरा महिन्यांत रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांत, तुरुंगांत आणि सरहद्दीवरच्या छावण्यांत चुकवला गेला.

या तेरा महिन्यांत ब्रिटन पूर्णपणे बाजूला होता असे म्हणता येत नाही. निजामाचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन हे इंग्लंडमधील नामांकित कायदेपंडित होते. स्वतंत्र भारताचे पहिले गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन हेच दिल्लीच्या बाजूने मुख्य मध्यस्थ होते, त्यामुळे भारत आणि हैदराबाद यांच्यातील पूर्वीची व्यवस्था तात्पुरती चालू ठेवणाऱ्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारामागील वाटाघाटींत इंग्रज मुत्सद्दी दोन्हीकडे बसलेले होते. ब्रिटिश संसदेत विरोधी पक्षनेते विन्स्टन चर्चिल यांनी हैदराबादची बाजू लावून धरली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबादला शस्त्रे पोहोचवत होता. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली आणि परिषदेने ती १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये विचारात घेतली, पण तोवर १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले होते. पोलीस कारवाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पाच दिवसांत जालन्याजवळ भारतीय तुकड्यांना हैदराबादच्या फौजेचा चांगलाच प्रतिकार झाला, आणि गुरख्यांची एक कंपनी शहराच्या बंदोबस्ताला ठेवून उरलेली फौज लातूर व मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा त्या दिवशी मुक्त झाला असे महाराष्ट्र मानतो, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर संस्थानच्या काही जिल्ह्यांत, मराठवाड्यातही, मुस्लिम रहिवाशांविरुद्ध जी हिंसा झाली, तीही याच हिशेबाच्या पानावर येते आणि ती वगळून मुक्तीचा इतिहास पूर्ण होत नाही.

शरणागतीच्या धामधुमीतच लंडनमध्ये एक लहानसा बँक व्यवहार झाला, आणि साम्राज्योत्तर संबंध कसे चालतात हे त्याच्याइतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे प्रकरण हैदराबादच्या इतिहासात नाही. वेस्टमिन्स्टर बँकेत निजाम सरकारच्या नावे असलेल्या खात्यातील १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग ही रक्कम संस्थानचे मंत्री मोईन नवाज जंग यांच्या सूचनेवरून २० सप्टेंबर १९४८ च्या सुमारास पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावावर वळवण्यात आली. आठवड्याभरात निजामाने हे हस्तांतरण आपल्या संमतीविना झाल्याचे कळवून पैसे परत मागितले. बँकेने पाकिस्तानच्या संमतीशिवाय ते देण्यास नकार दिला. १९५४ मध्ये निजामाने दावा लावला, आणि १९५७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, पाकिस्तानची सार्वभौम प्रतिरक्षा मान्य केली. सार्वभौम प्रतिरक्षा म्हणजे एका स्वतंत्र राज्याला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात त्याच्या इच्छेविरुद्ध खेचता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील संकेत. या निकालाने पैसे कोणाचे हे ठरले नाही. ते कोणालाच काढता येणार नाहीत, एवढेच ठरले. पुढची साठ वर्षे रक्कम बँकेत व्याजाने वाढत राहिली.

२०१३ मध्ये पाकिस्ताननेच बँकेविरुद्ध दावा दाखल केला, त्यामुळे त्याची प्रतिरक्षा गळून पडली, आणि मूळ प्रश्न न्यायालयासमोर खुला झाला. या वेळी भारत सरकार आणि सातव्या निजामाचे दोन नातू यांनी आपसात समझोता करून एकत्र बाजू मांडली. शस्त्रखरेदीच्या मोबदल्यात हा पैसा पाकिस्तानचा झाला, हा युक्तिवाद इंग्लंडच्या उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी २ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळला. ही रक्कम सातव्या निजामासाठी आणि त्याच्या हक्कात येणाऱ्यांसाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली होती, असे त्यांनी ठरवले. तोपर्यंत ती सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

निकाल कायद्याच्या चौकटीत सुसंगत आहे, त्याबद्दल येथे तक्रार नाही. पण त्या खटल्यातील पक्षकारांची यादी पाहावी: भारत, पाकिस्तान, निजामाचे वारस आणि एक बँक. खात्यावर नाव होते ते सरकारचे, आणि त्या सरकारचा खजिना तालुक्या-तालुक्यांतल्या जमीनमहसुलावर, करोडगिरीवर, म्हणजे जकातीवर, आणि अबकारीवर उभा होता. जालना, परतूर, अंबड, भोकरदन येथील शेतकऱ्याने हाली सिक्क्यात, म्हणजे हैदराबादच्या स्वतःच्या रुपयात, जो सारा भरला, त्याचा काही अंश त्या पौंडांत मिसळलेला असणे स्वाभाविक आहे. १८०३ च्या तहात त्याच्या गावाचे नाव होते पण तो पक्षकार नव्हता. २०१९ च्या निकालात त्याच्या गावाचे नावही नव्हते. अप्रत्यक्ष राज्यव्यवस्थेचा हाच सर्वांत चिवट वारसा आहे: सत्ता संपली तरी, कोणाशी बोलायचे आणि कोणाशी नाही याची तिने घालून दिलेली पद्धत संपली नाही.

तुलनेसाठी दुसरे एक देणे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानने ब्रिटनला पुरवलेल्या मालाची आणि सैन्यखर्चाची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली जात होती, आणि युद्ध संपताना ही जमा, जिला स्टर्लिंग शिल्लक म्हणत, सुमारे १३० कोटी पौंडांपर्यंत पोहोचली होती. साम्राज्याच्या इतिहासात प्रथमच सत्ताधीश ऋणको आणि वसाहत धनको झाली. ब्रिटनमध्ये ही रक्कम कमी करून घ्यावी असा मतप्रवाह बलवान होता, पण भारताने कपात मान्य केली नाही, आणि १९४७-४८ च्या करारांनी ती टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात याच पैशाचा आधार मिळाला. येथे भारत ताठ उभा राहू शकला, कारण त्याच्याकडे रिझर्व्ह बँक होती, हिशेबाची वही होती आणि बोलणारे स्वतःचे सरकार होते. फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींना स्वातंत्र्यानंतरही हे जमले नाही. १९४५ मध्ये सुरू झालेल्या सीएफए फ्रँक या चलनाच्या बदल्यात त्यांना आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा फ्रान्सच्या खजिन्यात ठेवावा लागे, आणि पश्चिम आफ्रिकेतील देशांसाठी ही अट काढण्याची घोषणा थेट डिसेंबर २०१९ मध्ये झाली.

महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात चित्र आणखी निराळे दिसते. तेथे पोर्तुगालने साडेचारशे वर्षे थेट राज्य केले, १९ डिसेंबर १९६१ ला ते संपले, आणि लिस्बनमधील हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळल्यानंतर त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या तहाने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण पोर्तुगीज कायद्याने १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा हक्क राखून ठेवला, त्यामुळे हजारो गोवेकर पोर्तुगीज पारपत्रावर युरोपात, विशेषतः इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत, जाऊन राहिले. गोव्यात मूळ असलेल्या घराण्यातील आंतोनियो कोस्ता २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते. थेट सत्तेने प्रजेला निदान प्रजा म्हणून नोंदले होते, आणि त्या नोंदीतून पुढे व्यक्तीला हक्क मिळाला. जालन्याच्या माणसाची नोंद इंग्रजांच्या दफ्तरी तशी नव्हती. संस्थानची प्रजा कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हती. ती ब्रिटिश संरक्षित व्यक्ती या दुय्यम वर्गात मोडे. मुंबईत किंवा पुण्यात जन्मलेला आणि जालन्यात जन्मलेला, दोघांवर अंतिम सत्ता एकाच राजमुकुटाची, पण मुकुटाशी पहिल्याचे नाते सरळ आणि दुसऱ्याचे निजामामार्फत. हा भेद मिटवला तो भारताच्या राज्यघटनेने, दोघांना एकाच नागरिकत्वात आणून. १९४९ च्या लंडन घोषणेने प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा जालना प्रथमच एका राष्ट्राचा पूर्ण भाग म्हणून ब्रिटनशी बरोबरीच्या नात्यात उभे राहिले.

सरकारांच्या पलीकडचे संबंधही जालन्यात आहेत, आणि त्यांतील एक स्कॉटलंडपर्यंत जातो. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक म्हणून जालन्यात आले आणि सालारजंगांच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिच्यात आलेले बरेच लोक गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते अशा जातींचे होते. पैसा आणि अधिकार परदेशी मंडळीचा, जमीन निजामाची, आणि पुढाकार एका मराठी माणसाचा, असा हा मेळ होता. शाळा आणि रुग्णालय यांच्या रूपाने मिशनचे काम जालन्यात पुढे वाढले, आणि देशभरातील अशा मंडळ्यांची सूत्रे क्रमाक्रमाने भारतीय ख्रिस्तसभेकडे आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तो या प्रवासातील मोठा टप्पा होता. साम्राज्याच्या छायेत जन्मलेली संस्था साम्राज्य गेल्यावरही परकीय राहतेच असे नाही, हे अशा मंडळ्यांनी दाखवले. तहांत ज्यांना स्थान नव्हते त्यांतील काहींना तेथे निदान अक्षर आणि औषध मिळाले, हे मान्य करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

फौजेचे वारसेही असेच वाटले गेले. हैदराबाद कॉन्टिंजंटच्या पायदळातून १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि तिच्यात कुमाऊंचे जवान मोठ्या संख्येने आल्यामुळे २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिला कुमाऊं रेजिमेंट असे नाव मिळाले. निजामाचे कर्ज वाढवणाऱ्या, वऱ्हाड गिळणाऱ्या त्या फौजेची वंशज असलेल्या या रेजिमेंटमधील मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगाम येथे धारातीर्थी पडले आणि स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. कॉन्टिंजंटच्या घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्स या चिलखती रेजिमेंटकडे आहे. असईचा हत्ती मद्रास रेजिमेंटच्या मानचिन्हावर आजही आहे, आणि स्कॉटलंडच्या ज्या पलटणीने त्या दिवशी सर्वाधिक माणसे गमावली तिच्या वारसदार तुकडीकडे असईच्या नावाचे विशेष निशाण आहे. भारतीय लष्कराने देशबांधवांविरुद्ध लढून मिळवलेले जुने रणसन्मान अनुचित ठरवून ते मिरवायचे नाहीत, असे धोरण स्वीकारले. तरीही परंपरेची चिन्हे टाकून दिली नाहीत. हा तोल सांभाळणे सोपे नव्हते, कारण पलटणीचा अभिमान आणि देशाची स्मृती या ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि मराठी वाचकाच्या मनात तर असई म्हणजे पराभवच आहे.

एक गोष्ट मात्र अजून वाटली गेलेली नाही. इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, अवाढव्य दफ्तर आणि ग्रंथसंग्रह कोणाच्या मालकीचे, यावर स्वातंत्र्यानंतर भारत आणि पाकिस्तान यांनी हक्क सांगितला. चर्चा झाल्या, पण संग्रह लंडनमध्येच राहिला आणि १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे गेला. वेलस्लीची कागदपत्रे साउथॅम्प्टन विद्यापीठात आहेत. परिणामी जालन्याचा किल्ला कोणत्या दिवशी कोणी घेतला, परगणा कोणत्या कलमाने कोणाकडे गेला, छावणीसाठी निजामाकडून किती पैसा मागितला गेला, याचा मोठा पुरावा इंग्लंडमधील कपाटांत आहे, तर महसुलाच्या, मोजणीच्या आणि रयतेच्या अर्जांच्या नोंदी फारसी, उर्दू व मोडीत येथील दफ्तरखान्यांत विखुरल्या आहेत. पहिल्या साठ्यात राजे आणि रेसिडेंट बोलतात, दुसऱ्यात पाटील, कुळकर्णी आणि कुळे. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे तर मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मोडी आणि फारसी शिकवावी लागेल, येथील दफ्तरांची सूची करून त्यांची छायाचित्रे घ्यावी लागतील, आणि लंडनकडे मूळ कागद नाही तरी निदान त्यांच्या संपूर्ण व विनामूल्य प्रती मागाव्या लागतील. ही मागणी दोन सरकारांच्या सांस्कृतिक करारात घालता येण्यासारखी आहे, आणि ती मराठवाड्याच्या विद्यापीठांनी नाव घेऊन, जिल्हावार यादी देऊन केली पाहिजे.